वाजंत्री येत असत: खानदेशातील लग्नसंगीताविषयी

मंगलाष्टकांचे वृत्त शार्दूलविक्रीडित, हे आपण वर्गात शिकवतो. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर यती, चार ओळींचे कडवे. मात्र कडव्याच्या अखेरीस 'सावधान' हा शब्द संपतो न संपतो तोच मांडवाबाहेर ताशा का कडाडतो, हे कोणी शिकवत नाही. वस्तुतः तो ताशा त्या वृत्ताचाच भाग मानायला हवा. आतला मंत्र मोजक्या लोकांना ऐकू जाई आणि त्याहूनही मोजक्यांना कळे. वाद्यांचा गजर मात्र शिवारापर्यंत पोचे. अंतरपाट दूर झाला, अमक्याची मुलगी तमक्याच्या घरी गेली, ही वार्ता गावाला देणारे ते वाद्य होते. लग्नाला साक्षीदार लागतात आणि वाजंत्री सगळ्या गावाला साक्षीदार करून टाकत.

आज जळगाव किंवा धुळे येथे एखाद्या घरी लग्न ठरले की 'वाजवायला काय ठेवायचे' हा प्रश्न कार्यालयाच्या तारखेपाठोपाठ निघतो. सनई-चौघडा, बँड, बँजो पार्टी, ढोल-ताशा पथक, मंगलाष्टके म्हणणारा गायक, डीजे, असे सगळे पर्याय मांडले जातात, दर विचारले जातात, घरातील तरुण आणि वडीलधारे यांचे खटके उडतात. ही निवड आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती अगदी अलीकडची गोष्ट आहे हे ध्यानात येत नाही. भाषेत मात्र तिची खूण राहिली आहे. वाजंत्री 'येत' असत; बँड 'ठरवावा' लागतो; डीजे 'लावतात'. या तीन क्रियापदांत सुमारे दीडशे वर्षांचा सामाजिक इतिहास दडलेला आहे.

वाजंत्री येत, कारण ते यायचेच असत. गावगाड्यात वाजवणे हे कोणाचे काम, हे ठरलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांवगाडा' लिहिला, त्यात ही सारी व्यवस्था तिच्या देण्याघेण्यासह नोंदलेली सापडते. देवळापुढे गुरव; लग्नाच्या मांडवापुढे बहुतेक ठिकाणी मांग आणि प्रदेशपरत्वे महार. सुगीला धान्याच्या रूपाने बलुते मिळे, लग्नात शिधा, नारळ, क्वचित पागोटे. यजमानाला वाजवणारा निवडता येत नसे आणि वाजवणाऱ्याला यजमान नाकारता येत नसे. वाजवणारा चांगला की वाईट हा प्रश्नच गैरलागू होता. दोन सनया असत, एक चाल वाजवणारी आणि दुसरी नुसता सूर धरून राहणारी. जोडीला संबळ किंवा डफ. त्या सनईवाल्याचा दम उत्तम असो वा तुटका, लग्न त्याच्याच सुरावर लागे.

या व्यवस्थेतील खरी विसंगती वेगळीच आहे. वाद्याचा ध्वनी मंगल आणि वाजवणारा अस्पृश्य. सूर मांडवात जाई, बोहल्यापर्यंत जाई, देवकापर्यंत जाई. माणूस मात्र मांडवाच्या बाहेर, ठरवून दिलेल्या जागी उभा राही आणि जेवणही सर्वांचे झाल्यावर तेथेच बाहेर वाढले जाई. ज्याच्या वाजवण्यावाचून लग्न लागत नाही त्याच्या सावलीने ते विटाळते, ही गोष्ट कोणाला विचित्र वाटत नव्हती. गेल्या काही वर्षांत 'हरवलेली सनई' या विषयावर जे हळवे ललित लेखन आपल्या मासिकांतून झाले त्यात सनई आहे, पहाट आहे, झेंडूची तोरणे आहेत; सनई फुंकणारा जेवला कोठे, हे बहुधा नाही. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, त्यानंतर तरी हे विसरणे आपल्याला शोभत नाही.

निवडीचा पहिला हक्क वाद्यांच्या बाबतीत नव्हे, तर मंत्रांच्या बाबतीत मागितला गेला. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची आणि ब्राह्मण पुरोहितावाचून लावलेला पहिला सत्यशोधक विवाह त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरचा. ग्रामजोशी हाही वतनदारच. त्याला न बोलावता लग्न लावले तरी त्याचा दक्षिणेचा हक्क राहतो, असे म्हणत जोशी कोर्टात गेले. जुन्नरजवळच्या ओतूरला १८८४ साली अशाच एका लग्नावरून दावा उभा राहिला. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका प्रसिद्ध केली, तिला या वादांची पार्श्वभूमी आहे. दक्षिणेचा हिशेब बाजूला ठेवला तरी साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे एका कारणासाठी पाहावे. परंपरागत मंगलाष्टकात वधूवर ऐकतात आणि तिसरा कोणी बोलतो. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वर आणि वधू एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी मागणी करते आणि वराला सर्वांदेखत उत्तर द्यावे लागते. वृत्ताची चौकट तीच ठेवून बोलणारा बदलला. हा बदल मला त्या काळातील कित्येक कादंबऱ्यांपेक्षा धीट वाटतो.

ही मंगलाष्टके पुढे दूरवर पोचली. धुळ्याचे शरद पाटील (१९२५–२०१४) यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. जोतीरावांचे नाव पक्षाच्या नावातच असलेली ही चळवळ धुळ्यासारख्या गावी मूळ धरते, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. अर्थात याच जिल्ह्याच्या साक्री आणि शिरपूर भागांत आदिवासींची लग्ने अशीही होत आली आहेत की जेथे ग्रामजोशाचा प्रश्न मुळातच नव्हता. तेथे ढोल होता, कोकणा वस्त्यांतून पावरी होती, आणि वाजवणारे नाचणाऱ्यांपैकीच होते. मांडवाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा भेद त्या वाद्यांना शिकवावा लागला नाही.

मंत्रांनंतर वाद्यांचा प्रश्न आला, पण तो वाजवून घेणाऱ्यांनी काढला नाही, वाजवणाऱ्यांनी काढला. १९२७ च्या मार्चमधील महाड परिषदेनंतर मेलेले ढोर ओढणे, गावकीची हलकी कामे करणे यांबरोबर वाजवणेही सोडून देण्याचा विचार गावोगाव पसरला. डॉ. आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्याच्या निमित्ताने धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही तेथे दरवर्षी लोक जमतात. पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर हा नकार पक्का झाला. बौद्ध विवाहविधीत त्रिशरण-पंचशील आले, मंगलगाथा आल्या, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात भीमगीते आली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या गायक-कवींची गाणी लग्नाच्या मांडवात म्हटली जाऊ लागली, तेव्हा जो समाज पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या लग्नात बाहेर उभा राहून वाजवत आला, तो आपल्या लग्नात आत बसून आपले गाणे ऐकू लागला. हे संगीताच्या इतिहासातले मोठे स्थित्यंतर आहे, पण संगीताच्या इतिहासांत त्याला जागा नाही, कारण तेथे घराण्यांचा इतिहास लिहिला जातो.

हा नकार सोपा नव्हता. वाजवणे सोडले म्हणून बलुते बंद होणे, दळणाची गिरणी आणि दुकान बंद होणे, हे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घडले. उलट बाजूने, दलित नवरदेव वाजतगाजत गावाच्या मुख्य रस्त्याने जाऊ लागला की तेथेही अडवणूक झाली. थोडक्यात, कोणी कोणासाठी वाजवायचे आणि कोणी कोठून वाजवीत जायचे, हे दोन्ही प्रश्न एकाच हक्काचे होते. रस्त्यावरचे वाद्य ही खानदेशात तरी नुसती हौसेची बाब कधीच नव्हती. धुळ्याच्या जुन्या भागात १८९५ साली गणपतीच्या मिरवणुकीवरून मशिदीजवळ दंगल होऊन गोळीबार झाला. त्या गणपतीला 'खुनी गणपती' हे नाव तेव्हापासून चिकटले. आता त्याच मशिदीपाशी पालखीचे स्वागत होते, हे आवर्जून सांगायला हवे, कारण नावापेक्षा ही प्रथा अधिक काळ टिकण्यासारखी आहे. लग्नाची वरातही त्याच रस्त्यांनी जाते आणि वाद्य कोठे थांबवायचे याचे ज्ञान जुन्या बँडवाल्यांना चालींइतकेच पाठ असते.

आता बँड. पितळी वाद्ये ब्रिटिश पलटणींबरोबर आणि संस्थानिकांच्या दरबारी बँडांबरोबर आली आणि तेथून बाजारात उतरली. खानदेशाला हा बाजार लवकर भेटला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले आणि तापीखोऱ्यातील शेतकऱ्याच्या हाती रोकड आली. लोहमार्ग आला, जळगाव कापसाची पेठ म्हणून वाढले, १९०० साली चाळीसगावहून धुळ्यापर्यंत फाटा आला. बलुते धान्यात होते तोवर वाजंत्री गावचेच असणार. रोख पैसा आणि रेल्वे आली की परगावचा बँड 'ठरवता' येतो. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले (तेच पुढे जळगाव आणि धुळे, आणि धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार), तोवर ही रोखीची दुनिया चांगलीच रुळली होती.

ग्रेगरी बूथ या अभ्यासकाचे भारतातील लग्नाच्या बँडांवरचे पुस्तक २००५ मध्ये आले. त्याने देशभर हिंडून ज्या बँडवाल्यांशी बोलणे केले त्यांत मुसलमान आणि दलित जातींतील वादक मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे जुने वाजंत्रीच नवा गणवेश घालून आले, असे म्हणता येईल, आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. पण गणवेशाला कमी लेखू नये. खांद्यावर झालर, डोक्यावर तुरा, ही लष्करी थाटाची नक्कल आपल्याला हास्यास्पद वाटत असेल. ज्याचा आजा डफ घेऊन मांडवाबाहेर उघड्या पायांनी उभा राहिला त्याच्यासाठी तो बूट आणि ती झालर हा एक करार होता: मी वतनाने आलेलो नाही, पैसे ठरवून आलो आहे, आणि उद्या दुसऱ्या गावी जाईन. सुपारी दिल्यावाचून तो येत नाही. यजमानाला निवड मिळाली ती याच माणसाच्या 'नाही' म्हणू शकण्यातून. हे ध्यानात ठेवले तर 'पूर्वी कसे आपसूक सारे होत असे' हे वाक्य तोंडातून सहजासहजी निघणार नाही.

येथवरची कथा मुक्ततेची आहे आणि ती मला मनापासून मान्य आहे. पण या कथेत एक तिसरे संगीत होते, ज्याला बलुते नव्हते, वतन नव्हते आणि सुपारीही नव्हती. ते म्हणजे बायकांचे गाणे.

पूर्वेकडे लेवा गणबोली आणि जिल्ह्याच्या पश्चिमेस, धुळ्याकडे अहिराणी, अशा दोन्हींत लग्नाची गाणी होती. अहिराणीला ग्रियर्सनने १९०७ च्या भाषासर्वेक्षणात 'खानदेशी' म्हणून मराठीबाहेर, भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले. त्या वर्गीकरणाचा वाद विद्वानांनी खूप घातला, पण हळद लावताना कोणत्या भाषेत गायचे असा वाद घरात कधी झाला नाही. हळद दळताना एक गाणे, मांडव घालताना दुसरे, देवक आणताना तिसरे, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला की आणखी एक. एक बाई ओळ टाकी, बाकीच्या ती झेलत. वाद्य नाही, झाले तर बांगड्यांचा आवाज किंवा जात्याची घरघर. ही गाणी विधीला जोडलेली असत, म्हणून तीही 'निवडता' येत नसत; पण ही सक्ती जातीची नव्हती, क्रमाची होती.

या गाण्यांची रचना फार हुशारीची आहे. ओळींत मोकळ्या जागा असतात आणि त्या जागी नावे भरायची असतात: नवरदेवाचे, त्याच्या बापाचे, मामाचे, आत्याचे, व्याह्यांच्या गावाचे. मामाने काय आणले, आत्याचा मान राखला की नाही, कोण रुसून बसले, हे गाण्यात येई. त्यामुळे गाणे म्हणजे नात्यांची तोंडी नोंदवही होती आणि ती लिहिण्याचा अधिकार बायकांकडे होता. विहिणीसाठी तर वेगळा विभागच. तिला चिडवणारी, तिच्या रूपाची, चालीची, तिने आणलेल्या शिदोरीची उणीदुणी काढणारी आणि प्रसंगी उघड शिवीपर्यंत जाणारी गाणी दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसून म्हणत. मुलीच्या आईला वर्षभर वरपक्षापुढे मान खाली घालावी लागणार, हे सर्वांना ठाऊक असे. लग्नाच्या त्या एका दिवशी तिच्या बाजूच्या बायका वरमाईला गाण्यातून हवे ते ऐकवून घेत आणि त्याबद्दल कोणी राग धरायचा नाही, असा संकेत होता.

हे संगीत कोणी बंद केले नाही. ते ऐकू येईनासे झाले. बँड दारात आला तेव्हा बायका ओसरीवर गात राहिल्या. लाउडस्पीकर मांडवाच्या खांबाला बांधला गेला तेव्हा त्यांना आपलाच आवाज ऐकू येईना. त्याच सुमारास मुली शाळा-कॉलेजात जाऊ लागल्या आणि अहिराणी ही घरातही चारचौघांत बोलायची भाषा नव्हे, अशी समजूत पक्की झाली. शिकलेल्या सुनेला सासूच्या गाण्यातली नावे भरता येईनात. मला वाटते आवाजापेक्षा ही लाज अधिक परिणामकारक ठरली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००५ चा; रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवायचा असे त्यांत आहे. पण दहा वाजता डीजे थांबला तरी त्या शांततेत गाणे सुरू करणारी बाई आता बहुतेक मांडवांत नसते.

नावे भरण्याची गरज मात्र नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे वाट काढते. खानदेशातील लग्नात मंगलाष्टकांचे छापील पत्रक वाटलेले आपण पाहिले असेल. आत्या, मावशी, एखादे शिक्षक असलेले काका यांनी रचलेले, वधूवरांची, आजी-आजोबांची, करवल्यांची, गावांची नावे एका ओळीत कोंबलेले. वृत्ताचे हाल विचारू नका. बाराव्या अक्षरावरचा यती अनेकदा एखाद्या भाच्याच्या नावाच्या मधोमध पडतो. आपण मराठीचे शिक्षक अशा वेळी मागच्या रांगेत बसून बोटांवर अक्षरे मोजतो आणि हसतो. मीही हसलो आहे. पण हाताच्या बोटांवर जे मोजत होतो ते चुकीचे होते, असे आता वाटते. ही पत्रके शार्दूलविक्रीडिताची नव्हेत, ओसरीवरच्या गाण्यांची वारस आहेत. फरक दोन: ती प्रमाण मराठीत असतात, आणि त्यांत सर्वांची फक्त स्तुती असते. विहिणीला काही ऐकवण्याची सोय त्यांत नाही.

अहिराणी मांडवात परतली आहे, पण दुसऱ्या दाराने. गेल्या काही वर्षांत 'हाई झुमकावाली पोर' सारखी खानदेशी गाणी यूट्यूबवरून निघाली आणि पुणे-मुंबईच्या लग्नांतही वाजू लागली. पुण्याच्या कार्यालयात अहिराणी गाण्यावर सारे नाचतात, हे पाहून जळगावच्या माणसाला अभिमान वाटला तर तो खोटा नाही. बोलीची लाज कमी करण्याचे जे काम डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्या अहिराणी शब्दकोशाने आणि डॉ. सुधीर देवरे यांनी संपादित केलेल्या 'ढोल' या अहिराणी नियतकालिकाने आपापल्या परीने चालवले, ते या गाण्यांनी तरुणांत एका उन्हाळ्यात करून टाकले. तथापि ही प्रेमाची आणि नाचाची गाणी आहेत. त्यांतली पोर कोणाचीही असू शकते; तिच्या मामाचे नाव त्यांत भरता येत नाही.

म्हणून लग्नासाठी वाद्य ठरवणाऱ्या घरांनी काय ठेवावे, याविषयी मला काही सांगायचे नाही. पैसे देऊन, वेळेवर जेवायला घालून जो कोणी वाजवील तो चांगलाच. आपल्यासारख्यांचे काम वेगळे आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी आपल्याला मिळाली ती सोपानदेव घरात होते म्हणून. १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'साठी ओव्या जमवल्या. ग्याय् प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या. खानदेशच्या लग्नगीतांचे जे संग्रह माझ्या पाहण्यात आले त्यांत शब्द आहेत, चाल नाही. आणि नावांच्या जागी संपादकांनी 'अमुक' असे छापले आहे किंवा टिंबे टाकली आहेत. ज्या बाया त्या टिंबांच्या जागी कोणाचे नाव आधी घ्यायचे आणि कोणाचे मुद्दाम गाळायचे हे जाणत होत्या, त्या आज ऐंशीच्या पुढे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचा असेल तर हा द्यावा, आणि वहीबरोबर मोबाइलही न्यायला सांगावे. आजीला गाणे 'सांगा' म्हणू नये, हळदीची तयारी चालू असताना शेजारी बसावे. नुसते सांगताना तिला पुढची ओळ आठवत नाही.